शेवटच्या पाच सामन्यांवरून संघाबद्दल काय सांगता येतं?

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. नाशिकच्या एका काकांची पुतणी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. पहिलंच वर्ष, डिव्हिजन ३ (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची तिसरी पातळी). काका पहाटे साडेपाचला उठून लॅपटॉपवर तिचे सामने बघतात, कारण तिकडे तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. नोव्हेंबरात संघ छान खेळत होता, पण शेवटच्या पाचपैकी तीन सामने हरला. संघाचे चाहते म्हणतायत की पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ चालवणारी मुलगी) बॉल घालवते, थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारायचा तीन गुणांचा शॉट) कुणाचाच जात नाही, कोच बदलायला हवा. पुतणीला सामन्यात जेमतेम सहा मिनिटं मिळतात. काकांनी शेवटच्या सामन्याचा (५२-६१ असा हरलेला) बॉक्स स्कोअर (प्रत्येकीच्या आकड्यांचा तक्ता) आणि मिनिटामिनिटाची नोंद, म्हणजे प्ले-बाय-प्ले, पाठवलाय आणि विचारलंय: यातलं खरं काय, आणि पोरीशी नेमकं बोलायचं काय?

मी नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर खेळत मोठी झाले आणि बरीच वर्षं न्यू इंग्लंडमधल्या छोट्या कॉलेजांच्या मुलींच्या संघांबरोबर काम करतेय. सुरुवातीला स्कोअरर टेबलवर बसून आकडे नोंदवायचे, पुढे सहायक कोच झाले. त्यामुळे या विषयावर सविस्तर लिहायचा मोह आवरत नाहीये. वेळ काढून वाचा.

काका, तुम्ही विचारलंय की संघ बिघडलाय का. मला वाटतं त्याआधी दुसरं काही विचारायला हवं: पाच सामने बघून कुठल्या गोष्टीबद्दल खात्रीने बोलता येतं आणि कुठल्या गोष्टीला अजून महिनाभर थांबावं लागतं? चाहत्यांच्या चर्चेत या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग भांडणं लागतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मी हा सामना पाहिलेला नाही, फक्त कागद पाहिलाय. कुणाला दुखापत होती, कोण तापातून उठून खेळत होतं, सरावात त्या आठवड्यात काय चाललं होतं, हे कागदावर नसतं. कोचला ते माहीत असतं आणि ती ते बाहेर बोलत नाही. तेव्हा माझं म्हणणं या कागदापुरतं धरा.

आपल्याकडचे सामने बघायची सवय असेल तर नियमांतला थोडा फरक लक्षात ठेवा. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो. तिथे शॉट क्लॉक (एका ताब्यात शॉट मारायला मिळणारा वेळ) २४ सेकंदांचं, इथे कॉलेजच्या मुलींना ३० सेकंद मिळतात. बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला फिबात आठ सेकंद, इथे दहा. थ्री पॉइंट रेषा मात्र २०२१-२२ च्या हंगामापासून जवळपास तेवढीच लांब झाली आहे. दहा मिनिटांचे चार क्वार्टर २०१५-१६ पासून आले (कॉलेजची मुलं अजून वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफमध्येच खेळतात), आणि क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून (संघातल्या सगळ्यांचे फाउल मिळून) समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट. ३० सेकंदांमुळे खेळ आपल्या डोळ्यांना संथ वाटतो, स्कोअर कमी वाटतो. ५२ गुण बघून ‘काय हे, पन्नाशीच जेमतेम गाठली’ असं वाटत असेल तर थोडं थांबा.

आता तुमचा कागद. गुण किती झाले हे बघण्याआधी मी बॉलचा ताबा किती वेळा मिळाला ते मोजते, कारण एका ताब्यात संघाने काय कमावलं हेच शेवटी महत्त्वाचं. हिशेब सोपा आहे. मारलेले शॉट घ्या, त्यातून आक्रमणातले रिबाउंड, म्हणजे स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचे परत पकडलेले बॉल, वजा करा (कारण तो ताबा संपलेलाच नसतो), टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेले बॉल, मिळवा आणि फ्री थ्रोच्या संख्येला साधारण ०.४४ ने गुणून तेही मिळवा. तुमच्या संघाने ६० शॉट मारले, १४ आक्रमक रिबाउंड घेतले, १२ टर्नओव्हर केले, १२ फ्री थ्रो मारले. म्हणजे सुमारे ६३ ताबे. समोरच्यांचे ५१ शॉट, ६ आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर, १५ फ्री थ्रो. म्हणजे सुमारे ६४. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायलाच हवेत, कारण ताबा आळीपाळीने मिळतो. तसे आले की हिशेब बरोबर आहे असं समजायचं.

टर्नओव्हर बघा. बारा आणि बारा. पॉइंट गार्डवर जे खापर फोडलं जातंय ते इथेच सैल होतं. तिच्या नावावर पाच आहेत, हे खरं. पण ती ३३ मिनिटं कोर्टवर होती, बॉल जवळपास प्रत्येक वेळी तिनेच वर आणला, आणि सहा असिस्टही (ज्यांवर लगेच बास्केट झाली असे पास) तिचेच आहेत.

शिवाय टर्नओव्हर कुणाच्या नावावर लिहायचा हा निर्णय टेबलवर बसलेल्या माणसाचा असतो. मी तिथे बसलेली आहे म्हणून सांगते. गार्ड आत उभ्या असलेल्या उंच मुलीकडे पास टाकते. पास थोडा खाली येतो, पण पकडता येण्यासारखा असतो. तो हातातून निसटून रेषेबाहेर जातो. चूक पास देणारीची की घेणारीची? टेबलवर एक जण बोलतो आणि दुसरा कीबोर्डवर टाइप करतो. ठरवायला दोन सेकंदही नसतात, कारण थ्रो-इन होऊन खेळ पुढे निघालेला असतो. बहुतेक वेळा पास देणारीचं नाव पडतं. छोट्या कॉलेजांत हे काम पुष्कळदा विद्यार्थीच करतात, आणि मनापासून करतात, पण प्रत्येक जिममध्ये हात थोडा वेगळा असतो. क्रिकेटमध्ये रनआउट नक्की कुणाच्या चुकीने झाला हे स्कोअरकार्डवरून कळत नाही, तसंच आहे हे. म्हणून एका मुलीचे एका सामन्यातले टर्नओव्हर मोजून तिच्यावर शिक्का मारू नका. त्याऐवजी समोरच्यांचे स्टील (हिसकावून घेतलेले बॉल) किती ते बघा. या सामन्यात त्यांचे चारच आहेत. म्हणजे बारापैकी आठ वेळा बॉल बाहेर गेला, ट्रॅव्हल झालं (बॉल न आपटता पावलं टाकली) किंवा बॉल असलेल्या संघाकडूनच फाउल झाला. अशा वेळी शिट्टी वाजते, तुमच्या मुली मागे धावून डिफेन्स लावू शकतात. खरं नुकसान होतं ते बॉल हातातून हिसकावला गेला आणि समोरची एकटीच रिंगखालच्या सोप्या शॉटला पळाली की. इथे ते फारसं झालेलं नाही.

आता थ्री पॉइंटर. चोवीसपैकी पाच, म्हणजे २१ टक्के. तुम्ही लिहिलंय की गेल्या हंगामात हाच संघ ३१ टक्क्यांवर होता. ३१ टक्क्यांच्या हिशेबाने चोवीसमधले सात-साडेसात जायला हवे होते, गेले पाच. फरक दोन-अडीच शॉटचा. बॉल रिंगवर आपटून कुठे पडेल याचा एवढा खेळ प्रत्येक सामन्यात असतो. पाच सामन्यांत मिळून शंभरेक शॉट होतात, आणि शंभर शॉटनंतरही खरा ३१ टक्क्यांचा संघ २६ वर किंवा ३६ वर दिसणं अगदी नेहमीचं आहे. संघ थ्री पॉइंटर विसरलाय असं म्हणायला हा पुरावा फार तोकडा आहे. ते शॉट कसे होते हे मात्र एका सामन्यातही बघता येतं. पाय थांबलेले होते का, अंगावर कुणी धावून आलं होतं का, पास छातीपाशी आला की गुडघ्यापाशी, शॉट क्लॉकवर दोन सेकंद उरल्यावर घाईने फेकला की पंधरा सेकंद असताना शांतपणे घेतला. पुढच्या सामन्यात कागद-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक थ्री पॉइंटरला ‘मोकळा’ किंवा ‘अडवलेला’ एवढंच लिहा. गेला की नाही ते लिहूच नका. चोवीसपैकी सोळा-सतरा मोकळे असतील तर संघाचं आक्रमण नीट चाललंय, बॉल पुढेमागे आत जाईल. सहाच मोकळे असतील तर काळजी करा, मग पाचच्या जागी नऊ गेलेले असले तरीही.

या कागदावर मला ज्या गोष्टीने थांबवलं ती वेगळीच आहे आणि चाहत्यांपैकी कुणी तिच्याबद्दल बोललेलं दिसत नाही. रेषेच्या आतले, दोन गुणांचे शॉट. थ्री पॉइंटर बाजूला काढले तर तुमच्या संघाने ३६ शॉट मारले, १४ गेले, ३९ टक्के. समोरच्यांनीही ३६ च मारले, १६ गेले, ४४ टक्के. वरवर बघता त्यांचं आक्रमण जरा सरस. पण तुमचा प्ले-बाय-प्ले ओळीओळीने वाचला तेव्हा दिसलं की यातले नऊ शॉट आक्रमक रिबाउंड घेतल्या घेतल्या, दोन-तीन सेकंदांत मारलेले आहेत, आणि त्यातले दोनच गेलेत. ते नऊ काढून टाका. उरले २७, त्यात १२ गेले. ४४ टक्के. अगदी समोरच्यांएवढेच!

म्हणजे ठरवून, पास खेळवून उभं केलेलं आक्रमण समोरच्याच्या तोडीस तोड होतं. चौदा वेळा स्वतःचाच चुकलेला बॉल परत मिळवणं हे तर फार कष्टाचं काम आहे, आणि ते या मुलींनी केलं. पण मिळवलेला बॉल गर्दीत उभं राहून, दोन उंच मुली अंगावर असताना पुन्हा वर फेकला. तिसऱ्या क्वार्टरमधल्या या ओळी बघा: एकाच मुलीचा चुकलेला शॉट, तिचाच रिबाउंड, पुन्हा चुकलेला शॉट, पुन्हा तिचाच रिबाउंड, पुन्हा शॉट, आणि मग समोरचीने बॉल घेतला. वीस सेकंदही झाले नसतील. बॉक्स स्कोअरमध्ये तिच्या नावापुढे तीन शॉटपैकी शून्य लागलं. वाचणारा म्हणतो, हिला रिंगखालूनही जमत नाही. खरं तर संघाचा तो एकच ताबा होता, आणि तिने तो दोन वेळा जिवंत ठेवला.

अशा वेळी सरावात शिकवतात ते असं: बॉल हातात आला की आधी हनुवटीखाली दोन्ही हातांनी घट्ट धरा, कोपरं बाहेर काढा, आणि बचाव करणाऱ्या तिघी आत जमल्या असतील तर बॉल बाहेर काढून द्या. रिबाउंडनंतर शॉट क्लॉकवर पुन्हा पुरेसा वेळ मिळतो आणि समोरच्या सगळ्या आत ओढल्या गेलेल्या असतात, त्यामुळे रेषेवरची मुलगी मोकळी सापडते. मुलींच्या खेळातले बरेचसे चांगले थ्री पॉइंटर असेच मिळतात. म्हणजे चोवीसपैकी पाचची तक्रार आणि नऊपैकी दोनची तक्रार वेगळ्या नाहीत. आतून बाहेर पास आला असता तर दोन्ही आकडे एकदमच सुधारले असते. ही गोष्ट सरावाने सुटते, कोच बदलून सुटत नाही, आणि नऊ शॉटांचा एकच सामना हातात असला तरी तिच्याबद्दल मी ठामपणे बोलतेय, कारण इथे बॉल गेला की नाही यापेक्षा मुलीने काय निवडलं ते आपल्याला दिसतंय. निवड ही सवयीची असते आणि ती दर सामन्यात पुन्हा दिसते.

स्कोअरमधल्या फरकाबद्दलही बोलते, कारण ‘नऊने हरलो’ हे वाक्य सगळ्यांनी धरून ठेवलंय. प्ले-बाय-प्लेप्रमाणे शेवटचं मिनिट उरलं तेव्हा ५०-५५ होते. पाच गुणांनी मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो, म्हणजे घड्याळ थांबतं आणि समोरच्याचे फ्री थ्रो चुकले तर आशा राहते. समोरच्यांनी सहापैकी सहा टाकले. तुमच्या संघाने दोन गुण केले. झाले ५२-६१. डाव फसला, पण तो डाव खेळायलाच हवा होता. पाचने हरण्यापेक्षा नऊने हरणं वाईट असं कोच मानत नाही. इथे मुलींच्या खेळात अजून एक सोय आहे: चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात टाइम-आउट घेतला तर बॉल पुढच्या भागातून खेळायला घेता येतो. म्हणून मागे असलेली कोच टाइम-आउट जपून ठेवते. तिच्याकडे तेव्हा एकच उरला होता, आणि मला विचाराल तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये घेतलेला टाइम-आउट तिने राखून ठेवायला हवा होता. कोचवर टीका करायची असेल तर अशा जागी करावी, तिला उत्तरही देता येतं.

सामने कुणाविरुद्ध आणि कधी झाले हे चर्चेतून पार गायब आहे. नोव्हेंबरातले सामने बहुधा कॉन्फरन्सबाहेरचे (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) असतात, आणि बऱ्याच कोच ते जुळवताना थोडे झेपतील असे बघतात. डिसेंबरात परीक्षा येतात, खेळ थांबतो. जानेवारीत कॉन्फरन्स सुरू होते आणि तिथे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात: तुमची डावखुरी मुलगी कुठल्या बाजूने घुसते हे समोरच्या कोचला तोंडपाठ असतं. काही कॉन्फरन्समध्ये शुक्रवारी संध्याकाळी एक सामना आणि शनिवारी दुपारी लगेच दुसरा. मधे बसचा प्रवास, हॉटेलात उशिरा जेवण, आणि शनिवारी सकाळी अर्ध्या तासाचा हलका सराव. शनिवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाय जड झालेले स्क्रीनवरही कळतात: शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडायला लागतात. तुमच्या संघाने हरलेल्या तीन सामन्यांपैकी दोन शनिवारचे आहेत, आणि तिन्ही परक्या जिममध्ये. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. पण नोव्हेंबरच्या संघाची जानेवारीच्या संघाशी तुलना करताना एवढं तरी बाजूला मांडून ठेवायला हवं.

आणि डिव्हिजन ३ म्हणजे काय हे घरच्या मंडळींना एकदा नीट सांगा. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलीला गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते, बास्केटबॉलसाठी नाही. या मुली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून धावत सरावाला येतात, कधी अर्ध्या सरावाला मुकतात, आणि कोचला ते चालवून घ्यावं लागतं. बसमध्ये दिवा लावून निबंध लिहिणाऱ्या मुली मी दर हंगामात बघते. त्यांना ‘पैसे घेता, मग नीट खेळता येत नाही का’ असं म्हणणारा प्रेक्षकही मी पाहिलाय, आणि मला त्याचा मनापासून राग आला होता.

मोठ्या सामन्यांकडे बघितलं तरी स्कोअरचा फरक किती फसवा असतो हे कळतं. २०२३ ची डिव्हिजन ३ ची अंतिम लढत डॅलसला झाली. केंटकीतली ट्रान्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी आणि व्हर्जिनियातली ख्रिस्तोफर न्यूपोर्ट, दोघींनी हंगामात एकही सामना गमावलेला नव्हता. ट्रान्सिल्व्हेनिया ५७-५२ ने जिंकली. हरलेला संघ त्या एका रात्रीत वाईट झाला असं कुणी म्हणेल का? पुढच्या वर्षी, २०२४ ला, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने स्मिथ कॉलेजला ५१-४१ ने हरवलं. ४१ गुण आणि तेही अंतिम सामन्यात. २०२५ ला पुन्हा हेच दोघे समोरासमोर, आणि स्कोअर ७७-४९. एकदा दहाचा फरक, एकदा अठ्ठावीसचा. यावरून स्मिथ घसरला असं म्हणणारे मला भेटले आहेत. पण त्याच अठ्ठावीसने हरलेल्या संघाने सलग दुसऱ्यांदा देशातल्या चारशेहून जास्त कॉलेजांमधून अंतिम फेरी गाठली होती! एका संध्याकाळचा फरक हातात धरून दोन वर्षांचं काम मोजायचं नसतं.

स्मिथचं नाव निघालंच आहे तर सांगते, कारण तुमची पुतणी त्याच राज्यात खेळते. १८९१ च्या डिसेंबरात नेस्मिथने स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला. तिथून जवळच नॉर्थॅम्प्टनला स्मिथ हे मुलींचं कॉलेज आहे. तिथल्या व्यायाम शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी काही महिन्यांतच तो मुलींना शिकवायला घेतला, आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींमध्ये सामना लावला. पुरुष प्रेक्षकांना आत सोडलं नव्हतं. बेरेन्सननी कोर्टचे भाग पाडले आणि बॉल हातातून हिसकावायला बंदी केली. म्हणजे बायकांच्या कॉलेज बास्केटबॉलची सुरुवात मोठ्या विद्यापीठात नाही, एका छोट्या कॉलेजच्या जिममध्येच झाली. पुतणीचा संघ स्मिथला खेळायला गेला तर तिला आवर्जून सांगा की ती कुठे उभी आहे.

आता हरलेल्या सामन्यांमुळे हंगाम हातचा गेला का? नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ जातात. कॉन्फरन्सचे विजेते थेट पोचतात, आणि ते फेब्रुवारीच्या शेवटी होणाऱ्या कॉन्फरन्स स्पर्धेत ठरतात. उरलेल्या जागा २०२४-२५ पासून एनपीआय या क्रमवारीवरून भरल्या जातात. ती जिंकला-हरला, समोरचा किती ताकदवान आणि सामना घरी की बाहेर हे धरते. किती गुणांनी हरला हे धरत नाही. त्यामुळे तगड्या संघाच्या जिममध्ये नऊने हरणं तुमच्या संघाला फार महागात पडत नाही. शेवटच्या पाच सामन्यांत मला खटकलेला निकाल वेगळाच आहे: घरी, तळाच्या संघाविरुद्ध, ओव्हरटाइममध्ये निसटता जिंकलेला. तो जिंकला म्हणून कुणी त्यावर बोललं नाही. जमलं तर त्याचाही कागद पाठवा.

इथवरचं थोडक्यात असं. टर्नओव्हरवरून पॉइंट गार्डला दोष देण्यासारखं या कागदात काही नाही. थ्री पॉइंटरबद्दल अजून बोलता येत नाही, ते मोकळे होते का हे मोजावं लागेल. आक्रमक रिबाउंडनंतरची घाई मात्र खरी आहे आणि दुरुस्त होण्यासारखी आहे. नऊचा फरक खरा पाचचा होता.

पुतणीची सहा मिनिटं. पहिल्या वर्षाच्या मुलीला सहा मिनिटं हा वाईट आकडा मुळीच नाही, पण ती कुठली सहा मिनिटं हे बघायला हवं. सामना हातचा गेल्यावर शेवटची सहा, की दुसऱ्या क्वार्टरमध्ये सामना बरोबरीत असताना? मी तिची नोंद शोधली: दुसऱ्या क्वार्टरमध्ये ७:४० ला आत, ३:५५ ला बाहेर (घड्याळ उलटं चालतं, ही उरलेली मिनिटं), आणि तिसऱ्याच्या शेवटची दोन मिनिटं. पहिल्या वेळी तिच्याबरोबर कोर्टवर तीन नेहमीच्या मुली होत्या. याचा अर्थ कोच तिला खऱ्या खेळात उतरवतेय, आणि क्वार्टरचा शेवट तिच्यावर सोपवतेय. क्वार्टरचा शेवट हा नाजूक काळ असतो. चार टीम फाउल झालेले असतील तर पुढच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणून अशा वेळी कोच हात न लावता पायांनी डिफेन्स करणाऱ्या मुलीला पाठवते. तुमच्या पुतणीच्या नावावर त्या सहा मिनिटांत शून्य गुण आणि शून्य फाउल आहेत. चाहते शून्य गुण वाचतात. मी तिच्या जागी असते तर शून्य फाउल कोचला दाखवले असते.

तिच्या नावापुढचा उणे सात हा आकडा बघून वाईट वाटून घेऊ नका. ती कोर्टवर असताना समोरच्यांनी सात गुण जास्त केले एवढाच त्याचा अर्थ. सहा मिनिटांत त्यांच्या एका मुलीने दोन थ्री पॉइंटर टाकले की त्यातले सहा तिथेच होतात, आणि ते दोन्ही तुमच्या पुतणीच्या बाजूने गेलेले नव्हते.

तिच्याशी काय बोलायचं? ‘का हरलात’ असं विचारू नका. सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिने तो पूर्ण कोचबरोबर बसून व्हिडिओवर पाहिलेला असतो, चुकलेली प्रत्येक जागा थांबवून थांबवून. तिला ते पुन्हा काकांकडून ऐकायचं नसतं. ‘छान खेळलीस’ एवढंच म्हणालात तरी तिला कळतं की तुम्हाला नक्की काही दिसलेलं नाही. एखादी बारीक गोष्ट विचारा. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही झोन (प्रत्येकीने आपापली जागा राखायचा बचाव) लावला तेव्हा कोपऱ्यातली मुलगी तुझी होती का? घड्याळात सात मिनिटं उरली होती तेव्हा तू स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या राहिलेल्या मुलीच्या) मागून गेलीस, पुढून का नाही? माझ्याकडच्या मुलींच्या आयाबापांमध्ये असं विचारणारे मोजके असतात, आणि त्यांच्या मुली फोन ठेवायलाच तयार नसतात. पहाटे साडेपाचला उठून बघणारा काका असा प्रश्न विचारू शकतो.

आणि चाहत्यांच्या चर्चेत तुम्ही बोलत असाल तर एवढं लक्षात असू द्या की छोट्या कॉलेजच्या जिममध्ये दोन-तीनशे माणसं असतात, त्यात निम्मे आईवडील आणि खोलीतल्या मैत्रिणी. जे लिहिलं जातं ते त्या मुली वाचतात, त्याच रात्री, बसमध्ये. निवडीवर बोला: हा शॉट का घेतला, हा टाइम-आउट का खर्च केला, झोन का सोडला. त्यावर वाद घातला तर मजा येते आणि शिकायलाही मिळतं. एकोणीस वर्षांच्या मुलीत दम नाही, तिला जिंकायचंच नाही, असं काही कुणी लिहिलं तर तुम्ही वयाने मोठे आहात, सरळ थांबवा त्यांना.

येत्या शनिवारी त्यांचा घरचा सामना आहे असं तुम्ही लिहिलंय. तो बघताना एकच काम करा: आक्रमक रिबाउंड झाला की बॉल पुन्हा वर गेला की बाहेर आला, एवढ्याच खुणा करत जा. बाकी काही मोजू नका. माझा अंदाज आहे की कोचने या आठवड्यात यावरच सराव घेतला असेल. त्या खुणा आणि नवा बॉक्स स्कोअर इथेच टाका, मी रविवारी रात्री बसून वाचेन.